गाणी जागेवरच, यादी मात्र रिकामी

अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, आशा भोसले सांगलीत जन्मल्या. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत गाण्यांचा संग्रह जिवापाड जपणारे रसिक आजही आहेत. अनेकांनी तो घरच्या एका संगणकावर ठेवून घरच्या नेटवर्कवर शेअर केलेला असतो. मग एके दिवशी दुसऱ्या संगणकावरच्या म्युझिक प्लेअरची यादी रिकामी दिसते आणि धाबे दणाणते.

घाबरू नका. प्लेअर सहसा गाणी साठवत नाही. फाइलचा मार्ग आणि तिच्या टॅगमधली गायक, अल्बम ही माहिती तो स्वतःच्या डेटाबेसमध्ये टिपून ठेवतो. मार्गात संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता असेल आणि राउटरने गाणी असलेल्या संगणकाला 192.168.1.5 ऐवजी 192.168.1.9 हा पत्ता दिला, की जुना मार्ग तुटतो.

आधी शेअर केलेला फोल्डर थेट उघडून पाहा. उघडला नाही, तर दोष नेटवर्कचा, पासवर्डचा किंवा परवानगीचा. उघडला, तर प्लेअरमधला मार्ग तपासा. राउटरमध्ये त्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवा. नवे गाणे दिसत नसेल, तर पुन्हा स्कॅन करा. फोल्डरमधल्या बदलाची सूचना नेटवर्कवरून दर वेळी पोहोचतेच असे नाही. एका टॅगमध्ये ‘करीम खाँ’ आणि दुसऱ्यात ‘करीम खान’ असेल, तर प्लेअर दोन गायक धरतो. टॅग एकसारखे करा.

फोल्डर जोडलेला नसताना ‘न सापडलेल्या फाइल काढा’ हे बटण मात्र दाबू नका; निगुतीने केलेल्या याद्या त्यात जाऊ शकतात. डेटाबेस प्लेअर असलेल्या संगणकाच्याच डिस्कवर ठेवा आणि संग्रहाची दुसरी प्रत आजच काढून ठेवा.