गटाची एकरी सरासरी : ताळा दुसऱ्या रीतीने



गाळप आटोपत आले की गटागटांतून एकच विचारणा, "साहेब, आमच्या गटाला ॲव्हरेज काय पडलं?" हल्ली हा आकडा संगणक काढतो. तरी आम्ही त्याचा ताळा वेगळ्या रीतीने घेतो. कारण याच सरासरीवर पुढच्या हंगामाचा टनेजचा अंदाज आणि तोडणी टोळ्यांची वाटणी होते. ती फुगली, तर एका गटात टोळ्या बसून राहतात नि दुसऱ्यात ऊस तुऱ्यावर येतो.

समजा, एका सभासदाचा १० एकर खोडवा, एकरी ३० टन. दुसऱ्याची १ एकर आडसाली, एकरी ७० टन. ३० आणि ७० ची सरासरी ५० असे पुष्कळ जण चटकन सांगतात. पण काट्यावर ऊस आला ३७० टन आणि क्षेत्र ११ एकर. म्हणजे एकरी ३३.६!

ही झाली पहिली रीत. एकूण टनेज भागिले एकूण क्षेत्र. दुसऱ्या रीतीत प्रत्येक प्लॉटच्या एकरी टनेजला त्याच्या क्षेत्राच्या हिश्शाने गुणायचे. ३० चे दहा-अकरांश आणि ७० चा एक-अकरांश मिळवला की तेच ३३.६ येतात.

उत्तर तेच येणार, तर दुहेरी खटाटोप कशाला? तर एखाद्या प्लॉटचे क्षेत्र भरायचे राहिले, तर पहिल्या रीतीत त्याचा ऊस बेरजेत येतो, एकर येत नाहीत. दुसऱ्या रीतीत तो प्लॉटच गळतो. आकडे जुळत नाहीत, चूक सापडते. तीच बेरीज दहादा केली असती तरी ती सापडली नसती.

साखर उताऱ्याचेही असेच. एके दिवशी ४,००० टन गाळप, उतारा ११. दुसऱ्या दिवशी मिल थांबल्याने १,००० टन, उतारा १०. खरा उतारा १०.८, नुसती सरासरी १०.५. केंद्र सरकारने २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्क्यांच्या वर दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये जादा धरले. त्या हिशेबाने ०.३ चा फरक टनाला १०३.८० रुपयांचा होतो.

मात्र दीड एकर लागण दोन एकर लिहिली गेली असेल, तर दोन्ही रीती चुकीच्याच आकड्यावर एकमताने मान डोलावतील. तिथे आमचा ताळा लंगडा. तेव्हा नोंदीच्या पावतीवरचे क्षेत्र आपल्या बांधाशी ताडून पहा आणि फरक असल्यास तोडणीपूर्वी गट ऑफिसला कळवा.