जाड टायर, बारीक हिशेब

"ताई, तुमच्या घरी उभी आहे ना जी ती जाड्या चाकाची सायकल? तशीच मले घ्याची आहे. गटातून कर्ज भेटन का?"

मार्च महिन्याची बैठक संपत आली होती. चहाचे कप गोळा व्हायला लागले होते, आणि तेवढ्यात आमच्या बचत गटातल्या सर्वांत लहान सभासदानं हा प्रश्न टाकला. वय असेल पंचवीस-सव्वीस. मौद्यात एका शिलाईच्या दुकानात कामाला येते. घर सात किलोमीटरवरच्या खेड्यात. सकाळी शेअर ऑटोनं येते, संध्याकाळी सहानंतर ऑटो भरेपर्यंत फाट्यावर उभी राहते. हिवाळ्यात तिथं सहालाच अंधार पडतो. "किंमत किती गं?" विचारलं तर म्हणाली, "चौपन्न हजार."

सगळ्या एकदम गप्प! मैत्रिणींनो, आमचा गट बारा जणींचा. महिन्याला प्रत्येकीचे दोनशे रुपये, आणि आता सहावं वर्ष. सगळी बचत मिळून पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर. त्यातले चौपन्न हजार एका सायकलीत अडकवायचे, आणि पुढे जुलैत धानाच्या रोवणीला मजुरी द्यायला दोघी-तिघी कर्ज मागतील तेव्हा त्यांना काय सांगायचं? शेवटी असं ठरलं की, ताईंकडे गाडी आहेच, तर ताईंनी ती रोज चालवून पाहावी आणि मग खरं काय ते सांगावं.

आता ही सायकल माझ्याकडे कशी आली? ती माझ्या भाच्याची. त्यानं हौसेनं नागपुरात घेतली, फेब्रुवारीत त्याची नोकरी बंगळुरूला गेली आणि सायकल आमच्या पडवीत आली. जाताना म्हणाला, "मावशी, नुसती उभी राहिली तर बॅटरी मरेल, तू चालवत जा." मी शेवटची सायकल चालवली ती कॉलेजात असताना. आता चाळिशी केव्हाच उलटली आहे आणि गुडघे जिना दिसला की कुरकुरतात. पण गटाचं काम म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि निघाले. सासूबाई पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, "पडशील बाई!"

पडले नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी तिच्या प्रेमातच पडले. चार इंच रुंद टायर आणि त्यात हवा अगदी कमी, त्यामुळे गतिरोधक, गिट्टी, खड्डे काहीच अंगाला जाणवत नाही. एरवी स्कूटरवर मागे बसून ज्या रस्त्यानं माझी कंबर धरते, त्याच रस्त्यानं मी गुणगुणत घरी आले. पायडल मारलं की मोटर मागून हलकेच ढकलते, म्हणजे कोणी मागून हात लावल्यासारखं. गुडघ्यावर जोर येत नाही. पुलाचा चढ मी न उतरता चढले, यावर घरी कोणाचाही विश्वास बसला नाही.

पण प्रेमात पडणं वेगळं आणि संसार करणं वेगळं, नाही का?

हे जाड टायर आले कुठून, तेही भाच्यानं फोनवर सांगितलं. अमेरिकेतल्या अलास्कात १९८०च्या दशकात सायकलवाल्यांना बर्फावर सायकल चालवायची होती. बारीक चाक रुतायचं, म्हणून त्यांनी दोन-दोन रिम एकमेकींना वेल्डिंग करून रुंद चाकं केली. तिकडेच न्यू मेक्सिकोत लोकांनी वाळूसाठी तसलीच खटपट केली. २००५ मध्ये सर्ली नावाच्या अमेरिकन कंपनीनं अशी सायकल तयार करून बाजारात आणली. पुढे त्याला मोटर लागली, आणि आता पुण्यातली कंपनीसुद्धा जाड टायरची, घडी घालता येणारी बॅटरी सायकल करते. म्हणजे मूळ हे चाक बर्फाचं आणि वाळूचं. मौद्यात बर्फ नाही, पण वाळू आहे ना! आपली कन्हान आहे.

आमच्या गटातल्या एका मावशींची उन्हाळ्यात नदीच्या पात्रात डांगरवाडी असते. काठापासून झोपडीपर्यंत वाळू तुडवत जायचं, ते डोक्यावर पाटी घेऊन. एप्रिलमध्ये मी सायकल तिथे नेली. टायरमधली हवा थोडी सोडली, आणि काय सांगू, ज्या वाळूत चप्पल रुतते तिथून ती सायकल सरळ गेली! मावशींनी मागच्या कॅरिअरवर दोन टरबुजं बांधून पाहिली. तरी गेली. (कॅरिअर कंपनीचं नाही हं, ते मी वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतलं. एवढ्या पैशात साधं कॅरिअर नाही, टोपली नाही. बाईनं भाजी कुठे ठेवायची, याचा विचार ही सायकल काढणाऱ्यानं केलेला दिसत नाही.)

वाळूत ती पास झाली. नापास झाली ती घरात.

वजन अठ्ठावीस किलो. किती म्हणजे किती, ते कळण्यासाठी सोपी खूण सांगते. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. रोज रात्री तो सिलिंडर तीन पायऱ्या चढवून पडवीत ठेवायचा आणि सकाळी उतरवायचा, असं समजा. बाहेर ठेवावी तर चोरीची भीती. ज्या घरात मदतीला कोणी नाही, तिथं एकट्या बाईला हे रोज जमेल का? दुसरं म्हणजे मधला दांडा. सीट ते हॅन्डलपर्यंत आडवा. साडी नेसून त्यावरून पाय टाकणं म्हणजे सर्कस. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीत हजारो बायका सायकल शिकल्या, तेव्हा लेडीज सायकली मिळेनाशा झाल्या म्हणून त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, हे मी वाचलं होतं. त्यांच्यापुढे मी कोण! पण पर्याय असताना दांडा कशाला?

डांबरी रस्त्यावर तिचा आणखी एक गुण कळला. रुंद टायर रस्त्याला चिकटून चालतो, घूंऽऽ असा आवाज करतो आणि बॅटरी खातो. कंपनी पन्नास किलोमीटर म्हणते. मी पायडल मारत चालवली तेव्हा पस्तीस गेली, आणि नुसता अ‍ॅक्सिलेटर पिळून, पाय न हलवता चालवली तेव्हा बाविसावर धाप लागली. आणि बॅटरी संपल्यावर? साधी सायकल मारत घरी येता येतं. ही मारून पाहा! मी एकदा दीड किलोमीटर आणली. घरी आले तेव्हा हे म्हणाले, "तोंड लाल झालं तुझं, पाणी देऊ का?" असं विचारायची सवय नसलेल्या माणसानं असं विचारलं, यावरून काय ते समजा.

विजेचा खर्च मात्र नगण्य. छत्तीस व्होल्ट, दहा अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण एक तृतीयांश युनिट. चार्जर गरम होण्यात थोडी वाया जाते, ती धरूनही अर्ध्या युनिटच्या आत. म्हणजे चार-पाच रुपयांत पूर्ण चार्ज. पण बॅटरीचं दुसरं एक दुखणं आहे, ते आपल्या उन्हाळ्याशी जोडलेलं. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं म्हणतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा तिथं जाऊन बसतो. टिनाच्या शेडखाली तर विचारूच नका. म्हणून मी नियम केला होता. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावायची नाही, रात्री जेवणानंतर लावायची, गादीजवळ किंवा दारात नाही, आणि झोपण्याआधी काढायची. २०२२च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी ई-स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या होत्या. घाबरायचं नाही, पण निष्काळजीपणा नको. आणि बॅटरी ही जन्माची सोबतीण नाही. काही वर्षांनी बदलावी लागते, आणि माझ्या चौकशीत तिची किंमत सायकलीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची निघाली.

मेमध्येच पंक्चर झालं. आमच्या पंक्चरवाल्या भाऊंनी टायर बघितला, हसले आणि म्हणाले, "वहिनी, हे मोटरसायकलचं आहे का सायकलचं?" ठिगळ लावून दिलं बिचाऱ्यांनी. पण त्यांनी नेहमीच्या सायकलीसारखी टणक हवा भरली आणि सायकल चेंडूसारखी उडायला लागली. पुन्हा सोडावी लागली. दुसऱ्यांदा ट्यूबच फाटली. तेवढ्या रुंदीची ट्यूब मौद्यात नाही. नागपूरहून यायला आठ दिवस लागले. माझं ठीक आहे, पण जिची रोजी त्या चाकावर आहे, तिचे आठ दिवस कोण भरून देणार?

मग आला मृग. आणि इथे तिची खरी परीक्षा झाली. मला वाटत होतं, वाळूत चालली म्हणजे चिखलात चालेलच. आमच्याकडची काळी कन्हार माती ज्यांना माहीत आहे, त्या आताच हसल्या असतील! वाळू सुटी असते, रुंद चाक तिच्यावर तरंगतं. कन्हार माती चिकटते. जेवढं चाक रुंद, तेवढी माती जास्त उचलते. पांदणीत पन्नास पावलं गेले असेन, टायर आणि मडगार्डच्या मधली जागा चिखलानं गच्च भरली आणि चाक फिरायचंच थांबलं. मोटर कण्हायला लागली. काडीनं माती उकरत, अठ्ठावीस किलो अधिक पाच-सात किलो चिखल ढकलत मी परत आले. धुऱ्यावरून जाणाऱ्या एका आजींनी विचारलं, "काय करून राहिली वं बाई?" मी काय सांगणार, परीक्षा घेऊन राहिली म्हणून?

कायद्याचंही विचारून घेतलं, कारण दुकानात सगळेच 'लायसन लागत नाही' म्हणतात. नियम असा की, मोटरची ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि गाडी तपासणी संस्थेनं तशी मंजूर केलेली असेल तरच ती मोटार वाहन धरत नाहीत, म्हणून नोंदणी आणि लायसन नाही. काही जाड टायरवाल्या गाड्यांत ५०० वॅटची, त्याहून मोठीही मोटर असते. ती दिसायला सायकल, पण कायद्यानं गाडी. उद्या अपघात झाला तर विमा नाही, कागद नाही. २०२२ मध्ये आपल्या परिवहन विभागानं फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध राज्यात मोहीम काढली होती. तेव्हा घेताना मंजुरीचा कागद हातात मागा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर उठून या.

आणि नागपूर-भंडारा महामार्गावर पंचवीसच्या वेगानं? नको गं बाई! ट्रक अंगावरून गेल्यासारखे वाटतात. मी सर्व्हिस रस्ता सोडला नाही, आणि सोडूही नये.

जुलैच्या बैठकीत वही घेऊन बसलो. आमच्या गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना. चौपन्न हजारांवर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच एक हजार ऐंशी. तिचं ऑटोचं भाडं जाऊन-येऊन चाळीस, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे नऊशे साठ. ऑटोपेक्षा व्याजच जास्त! चोवीस हप्ते केले तर पहिला हप्ता तीन हजार तीनशे तीस, आणि तिच्या हाती महिन्याला येतात आठ हजार. आकडा वाचल्यावर ती खाली बघत बसली.

मग हळूच म्हणाली, "ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे जी. पण फाट्यावर अंधारात उभी राहाते ते मी. त्याचा हिशेब कुठी लिवता?"

वही मिटून ठेवली मी. हे मात्र खरं होतं. मी चार महिने टायर, बॅटरी, वॅट करत बसले होते, आणि तिला टायर नकोच होता. तिला सहा वाजता निघून उजेडात घरी पोहोचायचं होतं. तिचा रस्ता शेवटचा अर्धा किलोमीटर सोडला तर पूर्ण डांबरी. त्याला चार इंचांचं चाक कशाला? दोन इंचांचं चालतं. साध्या टायरची, दांडा नसलेली, मागे कॅरिअर असलेली बॅटरी सायकल अठ्ठावीस हजारांत मिळत होती. वजन वीस किलो, ट्यूब आपल्या पंक्चरवाल्याकडे मिळते अशी. हप्ता तरीही सतराशेच्या वर. म्हणजे ऑटोच्या पैशात भागणार नव्हतंच. वरचे साडेसातशे-आठशे ती घरी ब्लाऊज शिवून काढीन म्हणाली. रोवणीवाल्या दोघींनी आपली मागणी पाच-पाच हजारांनी कमी केली. थोडी कुरबुर झाली, नाही असं नाही. पण ठराव झाला.

सायकल आली तेव्हा ती थोडी हिरमुसली होती. जाड टायरची ऐट या सायकलीला नाही, हे तर मलाही मान्य आहे. भाच्याची सायकल अजून पडवीतच आहे. डांगरवाडीवाल्या मावशींनी पुढच्या उन्हाळ्यासाठी ती आताच मागून ठेवली आहे. टरबुजं घरपोच द्यायच्या बोलीवर.

आणि तो शेवटचा अर्धा किलोमीटर पांदणीचा. पाऊस असला की ती सायकल डांबरी रस्त्यावरच्या एका घरी ठेवते, चपला हातात घेते आणि चिखलातून चालत जाते. त्या पांदणीवर मुरूम टाकावा म्हणून आम्ही बारा जणींनी सह्या करून ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे.