जुनी मोटार भरवशाची कशी राहते? बिदर-कलबुर्गीच्या उन्हाचा आणि धुळीचा धडा

गाणगापूरच्या वाटेवर मे महिन्यात रस्त्याकडेच्या बाभळीखाली बॉनेट उघडून निवत ठेवलेली मोटार दिसली, तर त्यात नवल नसते. कलबुर्गी जिल्ह्यात या दिवसांत पारा ४० अंशांच्या वर असतो आणि डांबरी रस्त्यालगतची हवा त्याहूनही तापलेली असते. गोव्यात जुन्या गाडीचा मुख्य शत्रू गंज; खारी, दमट हवा तिचा पत्रा खाते. दख्खनच्या या पठारावर पत्रा पंधरा-वीस वर्षे टिकून राहतो. येथे झीज होते ती इंजिनाची, आणि तिला कारण असते ऊन, धूळ व जड पाणी.

बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत जुन्या गाड्यांची संख्या मोठी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. सोयरीक मात्र दोन्हीकडे कायम राहिली. त्यामुळे भालकीच्या रस्त्यावर ‘केए-३८’ बरोबरच लातूरची ‘एमएच-२४’ पाटीही सहज दिसते. शहरात एकाने वापरून विकलेली गाडी येथे दुसऱ्या, कधी तिसऱ्या मालकाकडे येते, तेव्हा तिचा काटा दीड-दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. अशी गाडी खेड्यात केवळ एका घराची नसते. रात्री कोणाला छातीत दुखू लागले, बाळंतपण अडले, तर बिदरला किंवा पुढे सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरील हैदराबादला नेण्यासाठी तीच बाहेर काढली जाते. म्हणून तिचा भरवसा हा हौसेचा विषय राहत नाही.

पहिले लक्ष पाण्याकडे

जुन्या इंजिनाचा घात सर्वांत आधी होतो तो तापण्याने. बिदर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते. रेडिएटरचे झाकण आतील पाण्यावर दाब ठेवते आणि त्यामुळे उकळण्याचा बिंदू बराच वर जातो. या झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर चिरले, की पाणी लवकर उकळून बाहेर पडते. रेडिएटर नवा घालण्यापूर्वी झाकण तपासावे, ते याचसाठी. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने चेहरा भाजतो.

दुसरा प्रश्न पाण्याच्या जातीचा. शहाबाद, सेडम हा फरशीच्या आणि सिमेंटच्या चुनखडीचा प्रदेश. तेथील बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घातले, तर भांड्याच्या तळाला बसतो तसाच पांढरा थर त्याच्या बारीक नळ्यांत बसतो आणि नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण वापरणे आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत ते बदलणे, हा स्वस्तातला विमा आहे.

गाडी तापू लागली की थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची रीत अनेक गॅरेजांत आहे. त्याने तात्पुरते बरे वाटते. पण इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला वेळ लागतो, इंधन अधिक जळते, तेलात गाळ साचतो आणि मूळ दोष तसाच राहतो. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा. चालत्या गाडीत तापमानाचा काटा चढू लागला, तर ‘एवढे गाव येऊ दे’ म्हणून पुढे जाऊ नये. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड एकदा वाकले, की खर्च काही शेकड्यांवरून अनेक हजारांवर जातो.

धूळ आणि एअर फिल्टर

कलबुर्गीची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. बिदरच्या जांभ्या पठारावर तांबडी धूळ असते. तुरीची रास सुरू झाली की शेतरस्त्यांवर भुशाचीही भर पडते. धुळीतील वाळूचे कण इंजिनात शिरले, तर सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या झिजतात. पुस्तिकेत दिलेली एअर फिल्टरची मुदत साधारण रस्त्यांसाठी असते. कच्च्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीसाठी ती निम्मी धरणे शहाणपणाचे. फिल्टरला हवा मारायची तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. जोरात मारल्यास कागदाला न दिसणारी छिद्रे पडतात. फिल्टर काढून गाडी चालवणे म्हणजे इंजिनाला माती खाऊ घालणे होय.

तेल आणि धुराची भाषा

डिझेल इंजिनाचे तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. तेल काजळी धरून ठेवत असल्याची ती खूण आहे. तेवढ्यावरून ते खराब ठरत नाही. लक्ष द्यायचे ते पातळीकडे. जुने इंजिन थोडे तेल पितेच. म्हणून दर आठवड्याला सपाट जागी, बंद इंजिनावर डिपस्टिक पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा हेड गॅस्केट फुटले आहे.

रबराला वय असते

कमी चाललेल्या जुन्या गाडीवर अनेकांचा विश्वास बसतो. पण होज, पट्टे, ब्रेकच्या लवचीक नळ्या व टायर उभ्या गाडीतही म्हातारे होतात. टायरवरील चार आकडी खूण वाचायला शिकावे: ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावा. मारुती ८०० सारख्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो. जुनी गाडी घेताना तो केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर आधी तोच बदलावा. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून तेही दोन वर्षांनी बदलणे योग्य. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; त्यासाठी न बनलेल्या जुन्या गाड्यांत इंधनाच्या रबरी नळ्या व वॉशर यांवर विशेष नजर हवी.

कागदही चालते हवेत

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० करण्यात आले. सीमाभागात आणखी एक अट महत्त्वाची ठरते. मोटार वाहन कायद्यानुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास नवी नोंदणी घ्यावी लागते. उदगीरच्या मेहुण्याकडून घेतलेली गाडी भालकीत वर्षानुवर्षे जुन्याच पाटीवर चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. अपघातानंतर मालकीचा घोळ निघाला, तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

या सर्वांत सर्वांत स्वस्त साधन म्हणजे डॅशबोर्डमध्ये ठेवलेली एक वही. तारीख, किलोमीटर, घातलेले तेल, भरलेले पाणी, बदललेला भाग एवढे तिच्यात लिहिले जावे. दर महिन्याला पाव लिटर लागणारे तेल अर्धा लिटर लागू लागले, हे आठवणीत राहत नाही, वहीत दिसते. नवा मिस्त्रीही अंदाज बांधण्याऐवजी वही वाचून कामाला लागतो. गाडी केव्हा सोडावी, याचे उत्तरही तीच देते: दुरुस्तीचा वर्षाचा खर्च गाडीच्या किमतीजवळ पोहोचला, किंवा चासी व ब्रेकची मुख्य जोडणी गंजली, तर मोह आवरावा. तोवर दोन लाखांचा काटा घाबरण्याचे कारण नाही. मध्यरात्री दारात हाक आली आणि किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली, तर आठवड्याला दिलेल्या त्या दहा मिनिटांचे मोल तेव्हा कळते.