बागेचे कुलूप कोणाच्या हातात?

मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी संध्याकाळी पुस्तक घेऊन बसत असे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. तिथे निवांत वाचायला जागा कुठली? त्याच बागेत विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर फिरायला येत. रोज वाचत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी चौकशी केली, त्याला पुस्तके द्यायला सुरुवात केली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा भरली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

ही हकीकत आमच्या प्रत्येक जयंतीत सांगितली जाते. पण सांगताना सगळा भर केळुसकर गुरुजींवर आणि पुस्तकावर असतो. बाग मात्र आम्ही विसरतो. ती बाग सार्वजनिक होती. "तू कुठल्या सोसायटीतला?" असे विचारून त्या मुलाला फाटकातून परत पाठवणारा रखवालदार तिथे असता, तर केळुसकर आणि भीमराव यांची गाठ कुठे पडली असती?

हे आज लिहायचे कारण असे. आम्ही वकिली करतो, चळवळीतही फिरतो. त्यामुळे वस्तीतली माणसे कोर्टाच्या कागदांबरोबर इतरही कागद घेऊन येतात. गेल्या वर्षी अशाच एका वस्तीतल्या दोन मुली आमच्याकडे आल्या. एक स्पर्धा परीक्षेची तयारी करते, दुसरी पोलीस भरतीची. शहराचे नाव घेत नाही, कारण हे वाचताना अनेकांना ते आपलेच शहर वाटेल. वस्तीला लागून एक भूखंड. विकास आराखड्यात त्यावर खेळाचे मैदान आणि वाचनालय असे आरक्षण. भूखंडाच्या पलीकडे नवे टॉवर उभे राहिले, मग महापालिकेला एकदम बागेची आठवण झाली. हिरवळ आली, कारंजे आले, बाके आली, वाचनालयाची एक खोलीही बांधली गेली. पुढे देखभालीसाठी बाग एका खासगी संस्थेकडे सोपवली गेली आणि वस्तीच्या बाजूचे फाटक बंद झाले. फाटकावर पाटी लागली: 'सुरक्षेच्या कारणास्तव'.

आता वस्तीतल्या मुलांना बागेत जायचे तर मोठ्या रस्त्याने वळसा घालून टॉवरच्या बाजूने जावे लागते. तिथे रखवालदार पत्ता विचारतो. भरतीची तयारी करणारी मुले पहाटे साडेचार वाजता डांबरी रस्त्यावर ट्रकच्या उजेडात धावतात. वाचनालयाच्या खोलीत मोडकी बाके, कचऱ्याचे डबे आणि मागच्या उत्सवातल्या मंडपाचे बांबू. मुलींनी माहितीचा अधिकार वापरला. संस्थेबरोबरच्या कराराची प्रत मागितली. ३० दिवस उलटले तरी उत्तर नाही. अपील केले तेव्हा प्रत मिळाली. पाहतो तर कराराची मुदत संपून तीन वर्षे झालेली! म्हणजे ज्या संस्थेला बागेवर काडीचाही अधिकार उरला नव्हता, तिचे कुलूप आमच्या पोरांच्या तोंडावर लागलेले होते आणि महापालिकेतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. की होता?

'सुरक्षेच्या कारणास्तव' हे शब्द आम्हाला ओळखीचे वाटतात. महाडला हेच दुसऱ्या शब्दांत बोलले गेले होते. ज्या बोलेंच्या अध्यक्षतेखाली भीमरावांचा सत्कार झाला, त्याच बोलेंनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी खर्चाची व सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. मग त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी, आपला ठराव मागे घेतला. सवर्णांनी वहिवाटीचा दावा लावला. तो थेट उच्च न्यायालयात जाऊन १७ मार्च १९३७ रोजी फेटाळला गेला. दहा वर्षे गेली. आमच्या वकील बांधवांनी हा निकाल एकदा तरी जरूर वाचावा. पूर्वापार वहिवाट आहे असे नुसते म्हणून चालत नाही, ती सिद्ध करावी लागते, हे त्यात आहे. बागेच्या फाटकावरची पाटी ही आजची वहिवाट आहे. ती कोणत्या ठरावाने लागली, हे विचारले की उत्तर मिळत नाही.

महाडचा लढा पाण्याचा होता, तसाच तो नगरपालिकेवर वचक ठेवण्याचाही होता. हा दुसरा धडा आमची चळवळ विसरली असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा काय म्हणतो? ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली. त्यात नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. बागा, उद्याने, क्रीडांगणे त्यात आहेत. झोपडपट्टी सुधारणा आहे. समाजातल्या दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हाही स्वतंत्र विषय आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असे कलम २४३-एस सांगते. महाराष्ट्राच्या कायद्यात या समित्यांवर नगरसेवकांबरोबर सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची सोय आहे. २००९ साली त्यात क्षेत्रसभेचीही भर पडली: काही मतदान केंद्रे मिळून एक क्षेत्र, तिथला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य, नगरसेवक अध्यक्ष. खेड्यातल्या ग्रामसभेसारखी शहरातली सभा. वाचकहो, तुमच्या वस्तीत क्षेत्रसभा कधी भरली? आम्ही आमच्या ओळखीच्या पंचवीस-तीस कार्यकर्त्यांना विचारले. निम्म्यांनी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला.

पैशाचेही तेच. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी महापालिकेने आपल्या उत्पन्नातून पाच टक्के रक्कम खर्च करावी, महिला-बालकल्याणासाठी वेगळी ठेवावी, असे शासनाचे आदेश आहेत. ही रक्कम अंदाजपत्रकात दिसते. वर्षाअखेरीस ती कुठे जाते? कुठे गटारावर झाकण बसते, कुठे एकाच रस्त्यावर दुसऱ्यांदा पेव्हर ब्लॉक बसतात आणि खर्च मागासवर्गीयांच्या नावावर पडतो. रस्ता वस्तीतून जातो ना, मग झाले! त्या मुलींच्या वस्तीत अभ्यासिकेला दिवे आणि खुर्च्या द्यायला 'तरतूद नाही' असे लेखी उत्तर आले. अशा उत्तराला न्यायालयाने फार पूर्वीच उत्तर दिले आहे. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात १९८० साली न्या. कृष्णा अय्यर यांनी बजावले की पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिकेला आपले कायदेशीर कर्तव्य टाळता येणार नाही. तो खटला उघड्या गटारांचा आणि शौचालयांचा होता, म्हणजे गरीब माणसाच्या रोजच्या जगण्याचा.

बागेबद्दलही निकाल आहे. बंगळूरच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली. रहिवासी भांडत राहिले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उद्यानाची जागा ही लोकांची आहे, राज्यकर्त्यांच्या मर्जीने ती कोणाला वाटता येत नाही. तिथले रहिवासी सुशिक्षित, सुस्थित होते, त्यांना वकील परवडला. आमच्या वस्तीशेजारचे आरक्षण उठते तेव्हा हरकतीसाठी महिन्याची मुदत देणारी जाहिरात पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते आणि मुदत संपल्यावर आम्हाला कळते. कधी तर जाहिरातीचीही गरज लागत नाही. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षे महापालिका जागा ताब्यात घेत नाही, मालक खरेदीची नोटीस देतो, महापालिका मुदतीत हालचाल करत नाही आणि नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली आरक्षण आपोआप गळून पडते. मुदत कोणी चुकवली, याचा जाब त्या टेबलावरच्या माणसाला कोण विचारणार?

विचारायचे काम सभागृहाचे. पण सभागृहच नव्हते! मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुणे आणि नागपूरचीही त्याच महिन्यात. औरंगाबाद, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर यांची तर २०२० सालीच संपली होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे घटनेचे कलम २४३-यू सांगते. तरीही वर्षानुवर्षे प्रशासक बसले. प्रस्ताव मांडणारा प्रशासक, मंजूर करणाराही प्रशासकच. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फर्मावले आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झाले. मधल्या काळात किती बागा, किती मैदाने, किती समाजमंदिरे कोणाच्या हवाली झाली, याची यादी प्रत्येक प्रभागात मागितली पाहिजे. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण २०१६ साली सभागृहात मंजूर झाले, तेव्हा एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना ते रोखावे लागले. २०२३ साली प्रशासकाच्या काळात तसाच मसुदा पुन्हा पुढे आला. तेव्हा प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हते, रस्त्यावरची माणसेच बोलली.

आता आमच्या घरातले थोडे बोलू. राग येईल, येऊ द्या. नगरसेवक वस्तीत आला की आम्ही काय मागतो? कमान मागतो, चौकाला नाव मागतो, जयंतीची वर्गणी मागतो. पुतळा आणि नाव हा आमच्या स्वाभिमानाचा भाग आहे, त्यावर कोणी आम्हाला शहाणपण शिकवू नये. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मैदानावर पुस्तकांचे स्टॉल लावून रात्र काढणाऱ्या समाजाला सार्वजनिक मैदानाची किंमत दुसऱ्याने सांगायची गरज नाही. पण कमानीचे उद्घाटन झाले की नगरसेवकाचे काम संपते आणि आमचेही. ज्यांच्या नावाची कमान, ते बाबासाहेब वाचायला जागा शोधत बागेत बसले होते. आमच्या गटातटांचे सांगायलाच नको. एका वस्तीत चार निळे झेंडे, चार अध्यक्ष आणि प्रभाग समितीच्या बैठकीच्या दिवशी एकही हजर नाही. राखीव जागेवर निवडून आलेला आपला माणूसही मग पक्षाच्या गटनेत्याकडे बघूनच हात वर करतो. त्याला मागे खेचणारी वस्ती समोर बसलेली नसते.

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेतली जातात. या पद्धतीत उणिवा पुष्कळ, पण अर्ज असतो आणि शेवटची तारीखही असते. आपल्या किती विहारांच्या फलकावर ती तारीख लिहिली जाते? वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचन चालते. त्यात एका रविवारी महापालिकेचे अंदाजपत्रक वाचायला काय हरकत आहे?

त्या दोन मुलींनी मात्र वेळ घालवला नाही. विकास आराखड्याच्या त्या पानाची झेरॉक्स काढून त्यांनी ती विहाराच्या भिंतीवर चिकटवली. भूखंडाभोवती लाल पेनाने रेघ मारली. वस्तीतल्या दोनशेहून अधिक मतदारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या तीनच: मुदत संपलेल्या संस्थेकडून बाग परत घ्या, वस्तीकडचे फाटक पहाटे चारपासून उघडा, वाचनालयाची खोली अभ्यासिका म्हणून चालू करा. जोडीला क्षेत्रसभा बोलावण्याची लेखी मागणी. नव्या नगरसेविकाबाईंनी निवेदन घेतले, पोच दिली आणि म्हणाल्या, "क्षेत्रसभा म्हणजे काय ते मला जरा समजावून सांगा." मुलींनी कायद्याची प्रत बरोबर नेली होती, ती त्यांना दिली.

विषय प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर आला आहे. त्या दिवशी वस्तीतून चाळीस माणसे जाणार आहेत. घरकाम करणाऱ्या बायांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून ठेवली आहे. आम्हीही काळा कोट घरी ठेवून मागच्या बाकावर बसणार आहोत. बोलणार त्या दोघीच.