नॅचेझची घरं आणि घरांमागची घरं

अमेरिकेहून परत आलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नायगारा पाहिला का?" मी नाही पाहिला. न्यूयॉर्कही नाही. मी पाहिलं ते नॅचेझ नावाचं एक लहानसं गाव. आमच्या खामगावातल्या दोन-चार वॉर्डांत सहज मावेल एवढं. लोकवस्ती २०२०च्या जनगणनेप्रमाणे साडेचौदा हजार. पण मैत्रिणींनो, त्या गावातल्या घरांनी मला जे विचारात पाडलं, ते नायगाऱ्यानं पाडलं असतं असं वाटत नाही.

माझी धाकटी बहीण लुइझियाना राज्यात बॅटन रूजला असते. २०२४च्या मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले होते. तिचे यजमान म्हणाले, "ताई, तुम्हाला जुने वाडे बघायची हौस आहे ना? मग मॉलबिल राहू द्या, नॅचेझला चला." गाडीनं दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. मिसिसिपी नदीच्या काठावर उंच दरडीवर वसलेलं हे गाव. १७१६ साली फ्रेंचांनी इथे किल्ला बांधला, तेव्हापासूनचं. नॅचेझ हे नाव मात्र तिथल्या मूळ आदिवासींचं. नाव ठेवलं आणि माणसांना हुसकावलं, हे जगात बऱ्याच ठिकाणी झालंय.

गावात शिरलं की आधी झाडं दिसतात. बाराही महिने हिरवे असणारे अवाढव्य ओक, आणि त्यांच्या फांद्यांवरून म्हाताऱ्याच्या दाढीसारखं लोंबणारं करडं शेवाळ. त्यामागे पांढऱ्या खांबांची घरं. पुढे रुंद ओसरी. तिला तिथे 'गॅलरी' म्हणतात आणि तिच्यावर झुलत्या खुर्च्या. संध्याकाळी माणसं त्या खुर्च्यांवर बसून रस्त्यानं जाणाऱ्याला हात करतात, ओळख असो-नसो. आपल्याकडे ओट्यावर बसून "काय, कुठे निघालात?" विचारतात ना, तसंच. दक्षिणेतल्या उन्हाळ्याला तोंड द्यायची त्यांची रीतही आपल्या जुन्या घरांसारखीच. उंच छत, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार दिवाणखाना, म्हणजे वारा खेळता राहतो. सकाळी न्याहारीला ग्रिट्स मिळाले. नाव ऐकून घाबरले होते, निघाल्या मक्याच्या कण्या! आमच्याकडच्या ज्वारीच्या कण्यांच्या चुलतबहिणी. वर लोणी घालून खातात. मी मनातल्या मनात ताकाची वाटी शोधत होते.

ही घरं बांधली कापसाच्या पैशावर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नॅचेझचे बागायतदार अमेरिकेतल्या बड्या धनवंतांत मोडत. शेतं नदीपलीकडे, मैलोन् मैल दूर, आणि राहायची घरं गावात किंवा गावाच्या कडेला. मग १८६१ साली उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं. आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या बायकांना यातली एक गोष्ट ठाऊक असायला हवी. त्या युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, म्हणून आपल्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ला युद्ध संपल्यावर तो तसाच ओसरून कितीतरी पेढ्या बुडाल्या. म्हणजे नॅचेझचे दिवस फिरले तेव्हा आमच्या गावचे दिवस पालटले होते. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

१८६२ साली गाव लढाई न करता शरण गेलं, म्हणून घरं जळाली नाहीत. आणि पुढे ती टिकली ती गरिबीमुळे. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता कुणाकडे! त्यात १९०७च्या सुमाराला बोंडं पोखरणारा सोंडवाला किडा मिसिसिपीत पोचला आणि उरलासुरला कापूसही गेला. आपण २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं झालेली दैना पाहिलीय, त्यामुळे जास्त सांगायला नको.

आता खरी बायकांची गोष्ट. १९३१ साली नॅचेझला राज्यभरच्या बागप्रेमी महिला मंडळांचं अधिवेशन भरलं. पाहुण्यांना फुललेल्या बागा दाखवायच्या, आणि ऐनवेळी पडली कडाक्याची थंडी. फुलं करपली. पाहुण्या तर दारात! मग गावातल्या बायकांनी घरंच उघडी केली. पोपडे उडालेल्या भिंती, विटलेले पडदे, तसंच. पाहुण्या भारावून गेल्या. हे पाहून पुढच्याच वर्षी, १९३२ला, कॅथरीन मिलर या बाईंच्या पुढाकारानं तिकीट लावून घरं दाखवायचा उपक्रम सुरू झाला. त्याला नाव दिलं 'पिलग्रिमेज', म्हणजे यात्रा. मंदीचे दिवस, हातात पैसा नाही, आणि या बायका आजीच्या पेटीतले घेरदार झगे घालून पाहुण्यांना खोल्या दाखवू लागल्या. त्या पैशातून छपरं दुरुस्त झाली. गावाचा रोजगारच झाला तो. आजही दर वसंतात ही यात्रा भरते आणि कित्येक घरांत मालक अजून राहतात. खालच्या मजल्यावर पाहुणे फिरताहेत आणि वर घरच्यांचा संसार चाललाय.

बायका म्हटल्यावर भांडणही आलंच, असं पुरुष म्हणतील म्हणून मीच सांगते. पैसा घरमालकिणींना किती आणि मंडळाला किती, यावरून फूट पडली, दोन मंडळं झाली, कोर्टकचेरी झाली. काही वर्षं एकाच गावात दोन वेगवेगळ्या यात्रा निघत होत्या. आमच्या बचत गटाच्या फेडरेशनमध्ये काम केल्यामुळे मला हे ऐकून अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

या घरांतलं लाँगवुड मी कधी विसरणार नाही. हॉलर नट नावाच्या बागायतदारानं १८६० साली बांधायला घेतलेला अष्टकोनी महाल, वर कांद्याच्या आकाराचा घुमट. ३२ खोल्या ठरल्या होत्या. युद्ध सुरू झालं आणि फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर काम टाकून घरी परतले. तळमजल्याच्या ९ खोल्या कशाबशा पुऱ्या झाल्या. १८६४ला नट वारला. त्याची बायको ज्युलिया मुलाबाळांना घेऊन त्या ९ खोल्यांत राहिली, पुढची तीसेक वर्षं. आपण वर गेलो की नुसत्या विटा, उघड्या तुळया, वर बघावं तर घुमटापर्यंत पोकळी. मी कितीतरी वेळ विचार करत होते, डोक्यावर रिकामे मजले घेऊन ती बाई रोज स्वयंपाकाचं काय बघत असेल, मुलांना काय सांगत असेल. डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग बहिणीनं हळूच विचारलं, "ताई, त्या ९ खोल्या पुऱ्या केल्या कुणी? कारागीर तर निघून गेले होते ना?"

त्या पुऱ्या केल्या घरच्या गुलामांनी.

तिथून पुढे मी घरं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मेलरोझ नावाचं एक घर आहे, १८४०च्या दशकात बांधलेलं. १९९०पासून सरकारच्या राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. तिथल्या जेवणघरात टेबलावर छताला टांगलेली नक्षीदार लाकडाची मोठी फळी दिसली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "ही पंका." मी दचकलेच. अहो, पंखा! आपलाच शब्द, इंग्रजांबरोबर समुद्र ओलांडून मिसिसिपीच्या काठी गेलेला. आपल्याकडे साहेबाच्या कचेरीत पंखेवाला दोरी ओढायचा, इथे गुलामाचं पोर कोपऱ्यात उभं राहून ओढायचं. जेवणारांना वारा लागावा, पानावर माशी बसू नये, म्हणून. आणि ते पोर सगळं बोलणं ऐकत असणार. कुणाला विकायचं, कुणाला ठेवायचं, तेसुद्धा याच टेबलावर ठरत असेल.

मेलरोझच्या मागच्या बाजूला घंटा टांगलेल्या आहेत. त्यांचे आवाज वेगवेगळे, म्हणजे कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते मागे राबणाऱ्याला न बघता कळावं. स्वयंपाकघर मुख्य घरात नाहीच, आगीच्या आणि धगीच्या भीतीनं ते वेगळ्या इमारतीत. तिथून प्रत्येक पदार्थ अंगण ओलांडून यायचा. त्याच्या मागे गुलामांच्या खोल्या. युद्धानंतर मालक दूर राहू लागले तेव्हा हे घर सांभाळलं ते पूर्वी इथेच गुलाम असलेल्या दोन स्त्रियांनी. घर वाचवणाऱ्या बायकांत त्यांचंही नाव आधी घ्यायला हवं, नाही का? झगेवाल्या यात्रेत कितीतरी वर्षं ते कुणी घेत नव्हतं. आता बऱ्याच ठिकाणी घेतात. काही ठिकाणी अजूनही 'सेवक' म्हणून पुढच्या खोलीकडे वळतात.

गावाच्या कडेला 'फोर्क्स ऑफ द रोड' म्हणून जागा आहे. तिथे बघायला काही नाही. गवत, माहितीचे फलक, आणि काँक्रीटमध्ये रुतवलेल्या बेड्या. न्यू ऑर्लिन्स सोडलं तर त्या भागातला हा माणसांचा सर्वात मोठा बाजार. व्हर्जिनिया, मेरीलँडहून शेकडो मैल चालवत आणून इथे माणसं विकली जायची, १८३३पासून १८६३पर्यंत. मग उत्तरेची फौज आली, सैनिकांनी ते कोंडवाडे मोडले आणि त्याच लाकडाच्या बराकी उभारल्या. ही जागा राष्ट्रीय उद्यानात सामील व्हायला २०२१ साल उजाडलं. महालांना मात्र तिकीट १९३२पासून!

गावातल्या स्टेट स्ट्रीटवर एक साधं विटांचं घर आहे, ते जरूर पाहावं असं. विल्यम जॉन्सन या न्हाव्याचं. तो गुलाम म्हणून जन्मला, १८२० साली मुक्त झाला, तीन-तीन दुकानं काढली आणि १८३५पासून रोजनिशी लिहिली. गावातल्या कटिंगपासून कर्जापर्यंत सगळं तीत आहे. गोष्ट इथेच थांबवली तर किती छान! पण या माणसाकडे स्वतःचे गुलामही होते. १८५१ला शेताच्या हद्दीच्या वादातून त्याचा खून झाला. साक्षीदार काळे होते, आणि गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कायद्याला चालत नसे. आरोपीनं आपण काळे नाही असा दावा केला आणि सुटला. जॉन्सनची बायको अ‍ॅन हिनं मागे राहिलेली मुलं वाढवली आणि कारभार चालवला. तिच्या वंशजांनी १९७६पर्यंत ते घर सांभाळलं.

महालांपासून थोडं दूर गेलं की अरुंद घरांच्या रांगा लागतात. एकामागे एक खोल्या, मधे बोळ नाही, म्हणजे मागच्या खोलीत जायचं तर पुढच्यांच्या झोपेतून जायचं. आपल्या चाळीतल्या बायांना नवल नाही वाटणार. काळ्या वस्तीतली ही घरं. याच वस्त्यांमधून १९६५ साली आंदोलन उभं राहिलं. जॉर्ज मेटकाफ या पुढाऱ्याच्या गाडीत बॉम्ब ठेवला गेला, ते गंभीर जखमी झाले, आणि लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. डिसेंबरमध्ये नगरपालिकेनं बहुतेक मागण्या मान्य केल्या. नोकऱ्या, पोलिस, शाळा, अशा मागण्या होत्याच. पण त्यात एक अशीही होती की नगरपालिकेच्या माणसांनी आम्हाला 'मिस्टर', 'मिसेस' म्हणून हाक मारावी. साठ वर्षांच्या बाईलाही नुसत्या नावानं, नाहीतर 'आंटी' म्हणून हाका मारत ना!

या मागणीपाशी मी अडकले. मी ज्यांच्याबरोबर काम करते त्या धुणंभांडी करणाऱ्या बायांची मीटिंग आठवली. पगार, सुट्टी, दिवाळीचा बोनस यावर बोलून झाल्यावर एक बाई म्हणाली होती, "मॅडम, त्यांची नात मला ए म्हणते. तिला कोणी काही बोलत नाही." सगळ्या हसल्या आणि मी पुढचा विषय घेतला होता.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त केलं म्हणून. पुण्यात बसून त्यांना मिसिसिपी दिसत होती. आम्ही विमानानं जाऊन खांब आणि झुंबरं बघून येतो. झुंबरं सुरेख आहेत, मी नाही म्हणत नाही. फोटोही काढलेत.

परत आल्यावर गटातल्या एका बाईच्या सासूबाईंकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे. आमच्या गावातला एक मोठा वाडा, आता तिथे हार्डवेअरचं गोदाम आहे, तिथे त्या लग्नाआधीपासून पाणी भरत. कुठल्या दारानं शिरायचं, हंडा कुठे टेकवायचा, कुठल्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, सगळं त्यांनी हातानं हवेत आखून दाखवलं. विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत पायऱ्या अठरा, आणि त्यातली सातवी निसरडी. मी वहीत लिहून घेतलं. दोन तासांत फक्त पाण्याचंच झालं. दळणाचं आणि बाळंतिणीच्या खोलीचं सांगायचं राहिलंय, येत्या बुधवारी ये म्हणाल्यात.