गाडीखाली सरकण्याआधी

ठाकुर्ली पूर्वेला नव्वद फुटी रस्त्याच्या आसपासच्या कुठल्याही सोसायटीत रविवारी सकाळी स्टिल्टमध्ये डोकावले, तर एखादी तरी गाडी पुढून उचललेली आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. पाठीखाली बहुधा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स. खड्ड्यांनी सैल झालेले इंजिनाखालचे कव्हर घट्ट करायचे असते, ऑइल बदलायचे असते, सायलेन्सर कुठे वाजतो ते पाहायचे असते. गॅरेजचा खर्च वाचतो हे खरे, पण त्याहून मोठी असते ती हौस. रेल्वेत आयुष्य घालवलेल्या माणसांच्या या गावात हातात पाना धरायला कुणी लाजत नाही.

हल्ली पुठ्ठ्याऐवजी क्रीपर घेण्याचा विचार अनेक जण करतात. क्रीपर म्हणजे उताणे झोपून गाडीखाली सरकण्यासाठीची चाके लावलेली फळी. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मान किंवा पाठ धरली म्हणून आलेले रुग्ण मोबाइलवरचे फोटो दाखवून ‘डॉक्टर, यातला कुठला घेऊ?’ असे विचारतात. मी आधी उलट विचारतो, ‘गाडी कशावर उभी करता?’ ‘जॅकवर’ असे उत्तर आले, की क्रीपरची चर्चा मी तिथेच थांबवतो.

कारण समजायला थोडा हिशेब पुरे. मारुतीच्या ऑल्टो, स्विफ्ट, वॅगनआर यांच्या पोटाखालचे अंतर, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, सोळा ते साडेसोळा सेंटीमीटर असते. उताण्या झोपलेल्या प्रौढ माणसाची छाती जमिनीपासून साधारण २२ ते २५ सेंटीमीटर उंच असते. म्हणजे गाडी उचलल्याशिवाय छातीपर्यंतही आत जाता येत नाही. बसक्या प्लास्टिकच्या क्रीपरवर पाठ जमिनीपासून तीन ते पाच सेंटीमीटर वर राहते, लोखंडी चौकटीच्या गादीवाल्या क्रीपरवर दहा-बारा. शिवाय पाना फिरवायला हाताला जागा लागते. सगळे मिळून गाडी जमिनीपासून ४५-५० सेंटीमीटर वर हवी. म्हणजे आहे त्यापेक्षा तीस सेंटीमीटर तरी उचलायला हवी.

आता ती निसटली असे समजा. तीस सेंटीमीटर खाली यायला कोणत्याही वस्तूला पाव सेकंद लागतो. छाती तर वाटेतच असते, तिथवर ती त्याआधीच पोहोचते. काहीतरी घडते आहे हे डोळ्यांनी पाहून हात-पाय हलवायला माणसाच्या मेंदूलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. ‘क्रीपर असला की चटकन बाहेर येता येते’ हा समज म्हणून पार चुकीचा आहे. उलट क्रीपर जागा खातो. चारही टायर जागेवर असताना गाडी खाली बसली, तर पुठ्ठ्यावरच्या माणसाच्या छातीला सोळा सेंटीमीटर जागा उरते; क्रीपरवरच्या माणसाला अकरा-साडेअकरा. टायर काढलेला असेल तर तेवढीही नाही. अशा गाडीचे वजन सुमारे ८०० ते ९०० किलो आणि इंजिन पुढे असल्याने त्यातले निम्म्याहून अधिक पुढच्या चाकांवर.

छातीवर असा भार आला की बरगड्या मोडोत न मोडोत, श्वास आत घेता येत नाही. श्वास घ्यायचा तर बरगड्या वर उचलल्या गेल्या पाहिजेत आणि श्वासपटल खाली गेले पाहिजे. दोन्हींना जागा नसते. हृदयाकडे निघालेले रक्त मानेच्या शिरांतून उलटे डोक्याकडे ढकलले जाते. चेहरा जांभळा पडतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त साकळते. १८३७ मध्ये ऑलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरने पॅरिसमध्ये गर्दीत चेंगरलेल्या माणसांच्या मृतदेहांवर हीच लक्षणे पाहून नोंदवली होती. रोज लोकलमधल्या गर्दीत छाती दाबली गेल्यावर ओरडायलाही हवा पुरत नाही, हे ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगायला नको. गाडीखाली अडकलेला माणूस म्हणूनच हाक मारू शकत नाही. हातात असतात ती काही मिनिटे. त्या वेळात कुणीतरी दुसरा जॅक लावून गाडी उचलायची असते, पाय धरून माणसाला ओढायचे नसते, आणि १०८ ला फोन करायचा असतो. एकट्याने कधीही गाडीखाली जाऊ नये. हाकेच्या अंतरावर नव्हे, नजरेसमोर कुणीतरी हवे.

तेव्हा खरेदीची सुरुवात जॅक स्टँडच्या जोडीपासून करा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचे सील गळले की तो बसतो, डिकीतला कैचीसारखा जॅक बाजूला कलंडतो; तो फक्त टायर बदलण्यापुरता दिलेला असतो. गाडीच्या माहितीपुस्तकात दाखवलेल्या जागी स्टँड लावावेत, गाडी त्यांच्यावर उतरवावी, बाहेर उभे राहून चांगली हलवून पाहावी, मगच खाली जावे. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावणारे पुष्कळ आहेत. वीट वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते. टायर काढला असेल तर तो गाडीच्या पोटाखाली आडवा सरकवून ठेवण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय मला फार आवडते.

हँडब्रेकबद्दलचा एक घोटाळा सांगायलाच हवा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलली, की ती चाके हवेत आणि हँडब्रेक निरुपयोगी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या लावल्याच पाहिजेत. आणि स्टिल्टची फरशी दिसते तेवढी सपाट नसते. पाणी वाहून जावे म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो.

एवढे झाले की मग क्रीपर. जमीन पेव्हर ब्लॉकची असेल तर छोट्या चाकांचा क्रीपर घेऊ नका. चाक सांध्यात अडकते, टाचेने दिलेला रेटा कमरेत जातो आणि नेमकी तिथली उसण आमच्याकडे येते. मोठ्या, सगळीकडे फिरणाऱ्या चाकांचा क्रीपर तिथे बरा, पण तो उंच असतो, म्हणजे गाडी आणखी वर हवी. हा सौदा टळत नाही. कोबा किंवा गुळगुळीत फरशी असेल तर बसका, खांद्याच्या फऱ्यांना खोलगट जागा दिलेला प्लास्टिकचा क्रीपर उत्तम. घट्ट नट सोडवताना मात्र चाकांवर शरीराला आधार नसतो. जोर लावला की नट हलायच्या ऐवजी आपणच सरकतो आणि पाना निसटून तोंडावर येतो. अशा कामाला चाके नसलेली जाड फोमची चटई घेतली तरी चालते, आणि माझ्या मते घरी वर्षातून चार वेळा गाडीखाली जाणाऱ्याला तीच पुरते.

क्रीपर निवडताना सर्वांत जास्त लक्ष डोक्याच्या उशीकडे द्या. डोके साडेचार-पाच किलोचे असते. उताणे झोपून काम पाहण्यासाठी आपण ते नकळत उचलून धरतो आणि वीस मिनिटांत मानेचे पुढचे स्नायू आखडतात. उशी उंच-सखल करता आली तर छान, नाहीतर घडी घातलेला जुना टॉवेल आहेच.

चाळिशी ओलांडलेल्यांची आणखी एक अडचण दुकानदार सांगत नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा नंबर खालच्या भागात असतो, कारण आपण वाचताना खाली पाहतो. गाडीखाली मात्र जवळची वस्तू डोक्याच्या वर असते. ती स्पष्ट दिसावी म्हणून माणूस हनुवटी वर करून मान मागे टाकतो आणि अर्धा तास तसाच राहतो. संध्याकाळी मानेतून खांद्यात कळ येते आणि दोष क्रीपरला मिळतो. फक्त जवळच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा ठेवला तर हा प्रश्न मिटतो. वरच्या भागातही जवळचा नंबर घातलेले चष्मे अशा कामांसाठी मुद्दाम बनवून मिळतात. त्यावरून संरक्षक गॉगल हवाच. गंज आणि माती सरळ डोळ्यांत पडते.

मान मागे टाकण्याचा दुसरा त्रास म्हणजे भोवळ. आतल्या कानात कॅल्शिअम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वय वाढले की त्यांतले काही जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत शिरतात. मग उताणे होताना किंवा मान मागे नेताना सगळे गरगर फिरते. दाढीच्या खुर्चीत, दंतवैद्याकडे आणि गाडीखाली हा त्रास हटकून जाणवतो. तो बरा होतो, त्यासाठी एप्ली नावाची डोके वळवण्याची साधी कृती आहे. ती डॉक्टरांकडून करून घ्यावी. मान मागे नेल्यावर भोवळीबरोबर एकाचे दोन दिसले, बोलणे अडखळले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.

रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गाडीखालून बाहेर आल्यावर एकदम उभे राहू नये. आधी बसावे, दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गाडीखाली डोके आपटणे ही साधी गोष्ट राहत नाही; अशांनी ही हौस बॉनेट उघडून वरूनच भागवावी.

उरले ऑइल आणि पावसाळा. ऑइल कोमट असताना काढावे, इंजिन गरम असताना नव्हे. भाजले तर वीस मिनिटे नळाखाली धरायचे, टूथपेस्ट लावायची नाही. डोळ्यात काही गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार. वापरलेले ऑइल त्वचेला दीर्घकाळ लागत राहिले तर कर्करोगाचा धोका असतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि तेलकट फडके पँटच्या खिशात ठेवू नये. रॉकेल-पेट्रोलने हात धुणेही बंद. इंजिन चालू ठेवून खाली जाऊ नये हे तर उघडच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पावसात स्टिल्टमध्ये उंदीर येतात. गाडीच्या वायरी कुरतडतात म्हणून आपण त्यांना शिव्या घालतो, पण डॉक्टर म्हणून मला त्यांच्या मूत्राची भीती जास्त. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोची मोठी साथ आली होती. ओल्या फरशीवर पाठ टेकून, कोपराला खरचटलेले असताना काम करणे टाळावे. इथे क्रीपर पुठ्ठ्यापेक्षा नक्कीच सरस, पाठ कोरडी राहते. अशा कामानंतर पंधरवड्यात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना ‘मी गाडीखाली झोपलो होतो’ हे आवर्जून सांगा. आम्हाला ते विचारायचे सुचतेच असे नाही.

काम संपले की क्रीपर भिंतीला उभा टांगून ठेवा. पॅसेजमध्ये पडून राहिला तर सोसायटीतली मुले त्याचा स्केटबोर्ड करतात, आणि अंधारात त्यावर पाय पडून मनगट मोडलेल्या आजी प्लास्टरसाठी आमच्याकडेच येतात.