घट किती धरायची?

बुधवारी म्हैसूरच्या अशोका रोडवरच्या एका गलाईच्या दुकानात मला एक प्रश्न विचारला गेला आणि तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आज त्याच्यावरच लिहितो.

गलाईवाले म्हटलं की सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना जास्त सांगायला नको. खानापूर, आटपाडी, विट्याकडची ही सोनं-चांदी गाळणारी माणसं देशभर सराफ बाजारांच्या आसऱ्याने पसरली आहेत. म्हैसूरलाही आहेत. ज्यांच्या दुकानात मी बसलो होतो ते तात्या दुसऱ्या पिढीचे. दुकान जेमतेम दहा फुटांचं. कोपऱ्यात भट्टी, शेजारी काळ्या पडलेल्या मुशी, काचेच्या पेटीत तराजू. त्यांची धाकटी मुलगी इथेच जन्मली. ती घरात विट्याची मराठी बोलते, बाहेर अस्सल म्हैसुरी कन्नड, आणि खेळते हॉकी. जागा राइट हाफ. सरकारी क्रीडानिलयात राहून तिने पीयूसी, म्हणजे बारावी, पुरी केली. भल्या पहाटे चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या धावत चढणाऱ्या मुलींत मी तिला तीन वर्षं पाहतो आहे. नंदीपाशी पोचल्यावर बाकीच्या कमरेवर हात ठेवून थांबतात, ही थांबत नाही.

तराजूशेजारी दोन कागद होते. एक उत्तरेतल्या निवासी अकादमीचं बोलावणं : राहणं, खाणं, टर्फ, प्रशिक्षक सगळं तिथंच, शिक्षण ‘बाहेरून’. दुसरा म्हैसूरच्याच एका कॉलेजचा बी.कॉम.चा फॉर्म. तात्या म्हणाले, “सर, कुठं बी घाला, दुसऱ्या बाजूला घट येणारच. ती किती धरायची तेवढं सांगा.”

जुना दागिना मुशीत टाकण्याआधी गिऱ्हाईकाला घटीचा, म्हणजे वितळल्यावर वजन किती कमी भरेल याचा, अंदाज द्यावा लागतो, तो त्यांचा रोजचा धंदा आहे. हॉकीत मात्र हा अंदाज पालकांना कुणी देत नाही. अकादमीवाले पदकांचे फोटो दाखवतात, कॉलेजवाले नोकरीची भाषा करतात.

मी तात्यांना उत्तर दिलं नाही. मुलीला विचारलं, “गेल्या वर्षी सामने किती खेळलीस?” ती आत गेली आणि एक वही घेऊन आली. तारीख, समोरचा संघ, किती मिनिटं मैदानावर, सगळं तिने लिहून ठेवलेलं. अधिकृत सामने अकरा. सराव जवळजवळ रोज, दोन वेळा.

आमच्या हॉकीचं मूळ दुखणं त्या वहीत होतं. आपल्याकडे ज्युनिअर खेळाडू घडतो तो शिबिरांत आणि स्पर्धांत. स्पर्धा आठ-दहा दिवसांची. गटात दोन-तीन सामने, मग बाद फेरी. हरलात की बॅगा भरा. हाफच्या जागेवरचा खेळाडू यात सगळ्यात जास्त मागे पडतो. फॉरवर्डला एका संधीत गोल मारून नाव करता येतं. हाफला खेळ वाचायला शिकावं लागतं, आणि ते फक्त सामन्यांत येतं : थकलेल्या पायांनी, एक गोल मागे असताना, समोरची विंगर तिसऱ्यांदा त्याच बाजूने घुसताना. महिनोन्महिने चालणारी लीग हवी ती यासाठी. मुलींसाठी खेलो इंडियाची 21 वर्षांखालची लीग सुरू झाली ती डिसेंबर 2021मध्ये, दिल्लीत. हॉकी इंडिया लीगमध्ये मुलींचे संघ आले ते थेट 2025मध्ये.

त्या पहिल्याच मोसमाचा अंतिम सामना आठवा. 26 जानेवारी 2025, रांची. ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला 2–1ने हरवलं आणि ओडिशाचे दोन्ही गोल मारले आपल्या सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळने. तात्यांना हे नाव तोंडपाठ होतं. फलटण तालुक्यातल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळकेही त्यांना ठाऊक होत्या. “आमच्या शेजारचाच मुलूख की हो,” म्हणाले. दोघी शाळकरी वयात घर सोडून पुण्याला क्रीडाप्रबोधिनीत आल्या, आणि 2022च्या दक्षिण आफ्रिकेतल्या ज्युनिअर विश्वचषकात भारताकडून खेळल्या. संघ चौथा आला. निवासी प्रशिक्षण नसतं तर त्या तालुक्यातून मुली टर्फपर्यंत पोचल्याच नसत्या, हे मी पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे. अकादमीच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही.

पण आता जागा मोजू. लीग नव्याने सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघात चोवीस खेळाडू, त्यांत किमान सोळा भारतीय आणि त्या सोळांत चार ज्युनिअर घेणं सक्तीचं, असा नियम केला. नियम उत्तमच. तरी मुलांच्या आठ संघांत मिळून सक्तीच्या ज्युनिअर जागा झाल्या बत्तीस. एवढ्या मोठ्या देशात बत्तीस. मुलींचे संघ पहिल्या वर्षी चारच होते. हरमनप्रीत सिंगला लिलावात 78 लाख मिळाल्याचं घरोघर माहीत असतं, पण त्याच लिलावात सगळ्यात खालची मूळ किंमत 2 लाख होती, आणि ज्यांचं नाव पुकारलंच गेलं नाही अशी पोरं त्याहून कितीतरी जास्त.

दुसरी गोष्ट वयाची. ज्युनिअर गट एकविसाव्या वर्षी संपतो. माझ्या डोळ्यांसमोर निदान वीस-पंचवीस हाफ आणि फुलबॅक असे आहेत, ज्यांचा खेळ बावीस-तेविसाव्या वर्षी पिकला आणि तोवर त्यांना घेणारा संघ उरला नव्हता. त्या वयाला दार उघडं असतं ते विद्यापीठाचं. आंतरविद्यापीठ स्पर्धा पंचविसाव्या वर्षापर्यंत खेळता येते, खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा 2020पासून आहे, आणि तिथलं पदक क्रीडा कोट्यातल्या भरतीत धरलं जातं. उशिरा पिकणाऱ्या खेळाडूसाठी कॉलेज ही दुसरी खिडकी आहे. ती आपण अठराव्या वर्षीच बंद करून टाकतो.

या विषयावर लिहिताना कॅनडाचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. तिथली हॉकी बर्फावरची, पण हाच पेच तिथे कित्येक वर्षं घराघरांत होता. सोळा-सतरा वर्षांची मुलं कॅनेडियन हॉकी लीगच्या तीन ज्युनिअर लीगमध्ये खेळतात. त्यांना थोडा मासिक भत्ता मिळे, काही जणांचे व्यावसायिक संघांशी करारही झालेले असत. म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठांची संघटना त्यांना ‘व्यावसायिक’ ठरवी. तिकडे खेळलास की कॉलेज हॉकी बंद. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने जन्माचा निर्णय घ्यायचा! नोव्हेंबर 2024मध्ये हा नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025पासून दार उघडलं. लगेच गॅव्हिन मॅकेना हा त्या पिढीतला सर्वांत गाजलेला मुलगा ज्युनिअर लीग सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला. आपल्याकडे असा नियम कधीच नव्हता. खेळाडूला कॉलेजबाहेर ठेवतं ते हजेरीपत्रक. पंच्याहत्तर टक्के हजेरी आणि चाळीस दिवसांचं शिबिर एका सत्रात बसत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझं बी.कॉम. तिसऱ्या वर्षी हजेरीवरून अडलं ते कायमचं. राज्याच्या शिबिराचं पत्र प्राचार्यांच्या टेबलावर होतं, पण ते वेळेत पोचलं नाही असा शेरा पडला. खडकीच्या मैदानावरून उठून मी बारावीच्या जोरावर रेल्वेत लागलो आणि म्हैसूरला आलो. माझ्याच संघातला, माझ्याबरोबरच लागलेला लेफ्ट हाफ पदवीधर होता. खेळायचो आम्ही खांद्याला खांदा लावून, पण तो वरच्या जागेवर लागला, आणि निवृत्तीपर्यंत मी त्या जागेच्या जवळपासही पोचलो नाही. आजही रेल्वेच्या क्रीडा कोट्यात बारावीवर लेव्हल 2 किंवा 3 मिळते, पदवीवर लेव्हल 4 किंवा 5. मूळ पगार लेव्हल 2ला 19,900 आणि लेव्हल 5ला 29,200. वरच्या जागेला खेळातली कामगिरीही वरची लागते हे खरं, पण कामगिरी असून पदवी नाही म्हणून खाली बसलेले खेळाडू मी आयुष्यभर पाहिलेत.

कुणीतरी धनराजचं नाव काढेल. तात्यांनीही काढलं. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा. आमच्याच गल्ल्यांतून मोडक्या काठ्या दोरीने बांधून खेळत तो चार ऑलिंपिकपर्यंत गेला. कॉलेजची पायरी त्याच्या खेळाला लागली नाही. पण तेव्हा मुंबईत महिंद्रासारख्या कंपन्या हॉकीचे संघ बाळगून होत्या. विशीतला पोरगा तिथे लागला की पगार, मैदान आणि वर्षभराचे लीग सामने एकदमच मिळत. धनराज त्या मैदानांवर घडला. असे खासगी संघ एकेक करून मिटले. आता तो रस्ताच राहिलेला नसताना त्या रस्त्याने गेलेल्या माणसाचा दाखला मुलांना देऊ नये.

तात्यांच्या मुलीपुढे म्हैसूरमध्येच तिसरी एक वाट आहे. कर्नाटकाचं मुक्त विद्यापीठ याच गावात, मुक्तगंगोत्रीत आहे. अकादमीत राहून तिथून पदवी घेता येते आणि हजेरीचा काच सुटतो. यात घट एवढीच, की आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी लागतो. नोकरीपुरती पदवी हातात येते, पण ती दुसरी खिडकी बंद होते. मुलगी आताच राष्ट्रीय शिबिराच्या उंबरठ्यावर असेल तर मी बेलाशक हे सुचवीन. ती तिथे नाही. ती चांगली आहे, आणि अजून वाढते आहे. माझ्या अंदाजाने तिचा खेळ एकविशीनंतर भरेल.

म्हणून माझा कौल कॉलेजकडे होता, पण एका अटीवर. कॉलेज निवडायचं ते टर्फपासूनच्या अंतरावरून. सकाळी साडेपाचला चामुंडी विहारच्या मैदानावर पोचून नऊच्या तासाला बसता येईल असं कॉलेज हवं, आणि स्पर्धेच्या दिवसांची हजेरी देऊ हे फॉर्म भरण्याआधी लेखी हवं. तोंडी नको. दसऱ्याच्या मुख्यमंत्री चषकात म्हैसूर विभागाकडून कोडगूच्या मुलींशी जागेसाठी झगडावं लागेल, आणि हाफला त्याहून चांगली शाळा नाही. कोडगूच्या कौटुंबिक हॉकी स्पर्धेतून येणाऱ्या या मुली. 1997मध्ये 60 घराण्यांनी सुरू केलेल्या त्या स्पर्धेत 2024ला 360 घराणी उतरली. त्या मुली घरच्या पुरुषांबरोबर एका संघात खेळून मोठ्या होतात. त्यांच्यासमोर धक्का खाऊन उभं राहायला शिकता येतं.

तात्या ऐकत होते. मधेच एक गिऱ्हाईक आलं, एक तुटकी साखळी वजन करून झाली. मग ते मुलीकडे वळले. “तुला काय पाहिजे, बाय?”

तिने वही मिटली नव्हती. म्हणाली, “मला मॅचा पाहिजेत. जिकडं जास्त मिळतील तिकडं.”

इतका वेळ मी टर्फ, पदवी आणि पगार मांडत होतो, पण अकादमीत वर्षाला सामने किती, ते मी विचारलं नव्हतं. चाळीस सामने असतील तर माझा कौल फिरेल, हे मी तिथेच सांगितलं. पंधरा असतील तर म्हैसूर सोडायचं कारण नाही. त्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले, एक अकादमीचा, एक कॉलेजचा. सोमवारी ती स्वतः दोन्हीकडे फोन करणार आहे. फॉर्मची शेवटची तारीख गुरुवार.